पल्स ऑक्सिमीटर : प्रोब आणि मॉनिटरच्या जुळणीचा प्रश्न

रायपूर : छत्तीसगढच्या राजधानीतील गोल बाजार ही शहराची जुनी बाजारपेठ आहे. किराणा, कापड, भांडी अशा संसारोपयोगी वस्तूंसाठी येथे शहरातून आणि आसपासच्या गावांतून ग्राहक येत असतात. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या शहरात मराठी वस्ती असून बाजारापासून जवळच असलेल्या तात्यापारा भागात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. याच परिसरातून काही अंतरावर, शास्त्री चौकाजवळ, दाऊ कल्याण सिंह रुग्णालय आहे. २००० मध्ये छत्तीसगढ राज्य स्थापन झाल्यावर या वास्तूत राज्याचे मंत्रालय होते. मंत्रालय नव्या रायपूरला हलविल्यानंतर २०१८ मध्ये येथे अतिविशेषोपचार रुग्णालय सुरू करण्यात आले. हे रुग्णालय, पंडित जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि शहरातील खासगी शुश्रूषागृहे यांमुळे रायपूर हे मध्य भारतातील उपचारांचे एक मोठे केंद्र बनले आहे. पश्चिम ओडिशातून, तसेच महाराष्ट्राच्या सीमेवरील गोंदिया आणि गडचिरोली या जिल्ह्यांतूनही येथे रुग्ण येतात.

अशा कोणत्याही रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात, अतिदक्षता विभागात किंवा नवजात शिशु कक्षात खाटेशेजारी एक मॉनिटर असतो. त्यावरील एका आकड्याकडे डॉक्टर, परिचारिका आणि नातेवाईक या सर्वांचे लक्ष असते. हा आकडा म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनच्या किती टक्के भागाने ऑक्सिजन वाहून धरला आहे याचा अंदाज. रुग्णाच्या बोटाला लावलेल्या चिमट्यातून, म्हणजेच प्रोबमधून, तो मिळतो.

संपूर्ण मॉनिटरमध्ये सर्वांत आधी खराब होणारा भाग हा प्रोबच असतो. त्याची वायर खाटेच्या कठड्यात अडकते, चाकाखाली येते, रुग्ण हात झटकतो तेव्हा ताणली जाते. जंतुनाशकाने वारंवार पुसल्यामुळे त्यावरील रबर कडक होते. मॉनिटर अनेक वर्षे टिकतो, प्रोब मात्र त्या काळात कित्येकदा बदलावा लागतो. नवा प्रोब घेताना रुग्णालयापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो वरवर क्षुल्लक वाटतो. भांड्यांच्या दुकानात कुकरची रिंग घेताना कुकर किती लिटरचा आहे एवढे सांगितले, की काम भागते. रिंग नीट बसली, की ती योग्य आहे असे मानता येते. प्रोबच्या बाबतीत हा नियम लागू पडत नाही. प्लग नीट बसला, आकडा दिसू लागला, तरी तो आकडा बरोबर आहे याची खात्री देता येत नाही. याचे कारण या यंत्राच्या कार्यपद्धतीत आहे.

यंत्र मोजते कसे

पल्स ऑक्सिमीटरची मूळ कल्पना जपानमधील निहोन कोहदेन या कंपनीतील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. आओयागी यांचे एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीमुळे त्यांचे यंत्र जगभर घरोघरी पोहोचत असतानाच, निधन झाले.

ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेते, या गुणधर्मावर हे यंत्र आधारलेले आहे. प्रोबच्या एका बाजूस दोन सूक्ष्म दिवे असतात. एक सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश देतो, तर दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त प्रकाश देतो. समोरच्या बाजूस प्रकाश टिपणारा ग्राहक असतो. दोन्ही दिवे सेकंदाला शेकडो वेळा आळीपाळीने उघडझाप करतात आणि बोटातून पार होऊन आलेला प्रकाश ग्राहकावर पडतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी बोटातील रोहिण्यांत रक्त भरते आणि पार होणारा प्रकाश किंचित कमी होतो. हाडे, मांस आणि नीला यांच्यामुळे होणारे शोषण जवळजवळ स्थिर असल्याने ते वजा करता येते. उरतो तो केवळ रोहिण्यांतील रक्ताचा हिशेब.

लाल आणि अवरक्त प्रकाशांतील या चढउतारांचे गुणोत्तर काढले जाते. येथपर्यंत यंत्राने ऑक्सिजन मोजलेला नसतो, त्याच्या हाती केवळ एक गुणोत्तर असते. या गुणोत्तराचे टक्केवारीत रूपांतर करणारा तक्ता मॉनिटरच्या स्मृतीत साठविलेला असतो. गुणोत्तर १ असेल, तर ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे ८५ टक्के दाखविले जाते. गुणोत्तर कमी होईल तसा आकडा वर चढतो.

हा तक्ता केवळ गणिताने काढता येत नाही. निरोगी स्वयंसेवकांना नियंत्रित परिस्थितीत कमी ऑक्सिजन असलेली हवा श्वासावाटे देऊन त्यांच्या रक्तातील ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने सुमारे ७० टक्क्यांपर्यंत खाली आणला जातो. प्रत्येक टप्प्यावर रोहिणीतील रक्ताचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासला जातो आणि प्रोबच्या गुणोत्तराशी त्याची सांगड घातली जाते. स्वयंसेवकांच्या सुरक्षिततेसाठी यापेक्षा खाली जाता येत नसल्याने ७० टक्क्यांखालील आकडे अंदाजानेच दिलेले असतात. अशा रीतीने तयार झालेला तक्ता विशिष्ट प्रोब आणि विशिष्ट मॉनिटर यांच्या जोडीचा असतो. प्रोब बदलला, की ही सांगड तुटण्याची शक्यता निर्माण होते.

दिव्याचा रंग किंचित बदलला तर

प्रोबमधील लाल दिवे कारखान्यात हजारोंच्या संख्येने तयार होतात आणि सर्वांची तरंगलांबी तंतोतंत सारखी नसते. एखादा ६५५ नॅनोमीटरचा, तर एखादा ६६५ नॅनोमीटरचा निघतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच लाल दिसतात. मात्र ६६० नॅनोमीटरच्या आसपास, ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनची प्रकाशशोषणाची क्षमता तरंगलांबीनुसार झपाट्याने बदलते. त्यामुळे काही नॅनोमीटरच्या फरकानेही गुणोत्तर बदलते.

या अडचणीवर उत्पादकांनी दोन प्रकारचे उपाय योजले. पहिला उपाय म्हणजे दिव्यांची काटेकोर निवड करून ठरावीक मर्यादेतील दिवेच वापरणे. दुसरा उपाय १९८१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील नेलकॉर कंपनीने रूढ केला. प्रोबच्या प्लगमध्ये एक छोटा रोधक बसविण्यात येऊ लागला. त्याच्या मूल्यावरून त्या प्रोबमधील लाल दिव्याची तरंगलांबी मॉनिटरला कळते आणि मॉनिटर आपल्या स्मृतीतील अनेक तक्त्यांपैकी योग्य तो निवडतो. पुढे याच कंपनीच्या ‘ऑक्सिमॅक्स’ मालिकेत रोधकाची जागा स्मृतिचिपने घेतली आणि प्रोबची माहिती प्रोबमध्येच साठविली जाऊ लागली.

नक्कल केलेल्या प्रोबचा धोका येथेच आहे. एखाद्या उत्पादकाने बाहेरून हुबेहूब दिसणारा प्रोब तयार केला आणि आतील दिव्याची तरंगलांबी न मोजताच सर्व प्रोबमध्ये एकाच मूल्याचा रोधक बसविला, तर मॉनिटर तो रोधक वाचतो, त्यावर विश्वास ठेवतो आणि चुकीचा तक्ता निवडतो. मॉनिटरच्या दृष्टीने सर्व काही सुरळीत असते. कोणतीही सूचना दिली जात नाही.

प्लग तोच, तारांची मांडणी वेगळी

दुसरा प्रश्न विद्युत जोडणीचा आहे. नऊ पिनांचा, संगणकाच्या जुन्या जोडणीसारखा दिसणारा प्लग अनेक उत्पादकांनी वापरला. मात्र कोणत्या पिनेवर कोणती तार असावी, याचा सर्वमान्य नियम नव्हता. एका कंपनीच्या प्रोबमध्ये दोन्ही दिवे केवळ दोन तारांवर एकमेकांच्या उलट दिशेने जोडलेले असतात. विद्युत प्रवाहाची दिशा बदलली, की दुसरा दिवा लागतो. अन्य कंपनीच्या प्रोबमध्ये एक सामाईक तार आणि प्रत्येक दिव्याची स्वतंत्र तार अशी तीन तारांची रचना असते. प्रकाशग्राहकाची दिशा आणि बाह्य विद्युत गोंधळ रोखणाऱ्या आवरणाची जोडणी यांतही असाच फरक आढळतो.

प्रोब आणि मॉनिटर यांच्यामध्ये बहुधा आणखी एक जोडवायर असते, तीदेखील या जोडीचा भाग होय. प्रोब योग्य आणि मॉनिटरही योग्य, परंतु मधली जोडवायर दुसऱ्या प्रणालीची, अशा स्थितीतही मापन बिघडते.

एकाच कंपनीचे सर्व प्रोब एकमेकांना चालतील, असेही गृहीत धरता येत नाही. मासिमो कंपनीने एलएनओपी, एलएनसीएस, एम-एलएनसीएस आणि आरडी अशा निरनिराळ्या जोडण्यांच्या मालिका कालांतराने बाजारात आणल्या. रोधकाच्या काळातील प्रोब आणि चिप वाचणारा मॉनिटर यांच्यातही पिढीचे अंतर पडते.

खरेदीच्या वेळी सर्वाधिक गोंधळ उडविणारी बाब आणखी निराळी आहे. मॉनिटर तयार करणाऱ्या अनेक कंपन्या ऑक्सिजनमापनाचा भाग स्वतः तयार न करता विशेषज्ञ कंपनीकडून घेऊन आपल्या यंत्रात बसवितात. उदाहरणार्थ, चीनमधील माइंडरे कंपनीचे काही मॉनिटर कंपनीच्या स्वतःच्या, मासिमोच्या किंवा नेलकॉरच्या मापनप्रणालीसह उपलब्ध असतात. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या आणि एकाच नावाच्या दोन मॉनिटरना त्यामुळे वेगवेगळे प्रोब लागू शकतात. केवळ मॉनिटरचे नाव सांगून प्रोब मागविल्यास चूक होण्याचा संभव असतो. मापनप्रणाली कोणती आहे, हे बहुतेक वेळा मॉनिटरच्या दर्शनी भागावर, प्रोबच्या सॉकेटजवळ लिहिलेले असते.

कंपन्यांची स्पर्धा आणि न्यायालयीन वाद

सर्व उत्पादकांनी एकच प्रणाली का स्वीकारली नाही, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. याचे एक उत्तर तांत्रिक, तर दुसरे व्यापारी आहे. मॉनिटर एकदा विकला जातो, प्रोबची मागणी मात्र वर्षानुवर्षे राहते. एकदाच वापरून टाकण्याच्या प्रोबच्या बाबतीत तर ही मागणी दररोजची असते. साहजिकच प्रोबची बाजारपेठ स्वतःकडे राखण्यात कंपन्यांचे हित असते. दुसऱ्या बाजूस, ज्या जोडीची चाचणी केलेली नाही तिची जबाबदारी आपण घेऊ शकत नाही, हे उत्पादकांचे म्हणणेही वैद्यकीयदृष्ट्या निराधार नाही.

या क्षेत्रातील पेटंटविषयक वाद दीर्घकाळ चालले. हालचाल करणाऱ्या किंवा रक्ताभिसरण मंद झालेल्या रुग्णांतही आकडा मिळवून देणाऱ्या तंत्रावरून मासिमो आणि नेलकॉर यांच्यात सुरू झालेला खटला २००६ मध्ये तडजोडीने मिटला. नेलकॉरने मासिमोला ३३ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. मासिमो आणि फिलिप्स यांच्यातील खटल्यात २०१४ मध्ये ज्युरीने मासिमोच्या बाजूने सुमारे ४६ कोटी ६७ लाख डॉलरचा निर्णय दिला. पुढे २०१६ मध्ये ३० कोटी डॉलरवर या दोन कंपन्यांत समझोता झाला.

कंपन्यांच्या मालकीतील बदलांचाही या प्रश्नाशी संबंध आहे. नेलकॉर हे नाव मॅलिंक्रॉट, टायको, कोव्हिडियन अशा कंपन्यांमार्फत २०१५ मध्ये मेडट्रॉनिककडे आले. भारतात लार्सन अँड टुब्रोचा वैद्यकीय उपकरणांचा व्यवसाय २०१२ मध्ये म्हैसूरच्या स्कॅनरे कंपनीने विकत घेतला. अशा हस्तांतरणानंतर जुन्या मॉनिटरचे सुटे भाग कोणत्या नावाने आणि कोणाकडे मागावेत, याची माहिती रुग्णालयाच्या भांडारापर्यंत पोहोचणे आवश्यक असते.

चुकीच्या जोडीचे परिणाम

चुकीचा प्रोब जोडल्यास तीन प्रकारचे परिणाम संभवतात. पहिला परिणाम म्हणजे आकडाच न दिसणे. मॉनिटर ‘प्रोब तपासा’ अशी सूचना देतो. यामुळे वेळ वाया जातो, परंतु दोष उघड होतो. या अर्थाने हा तिन्हींतील सर्वांत कमी धोक्याचा परिणाम होय.

दुसरा परिणाम म्हणजे इजा. दिव्यांना अपेक्षेपेक्षा अधिक विद्युत प्रवाह मिळाल्यास प्रोब तापतो. एका कंपनीचा प्रोब दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला जोडल्याने रुग्णाची त्वचा भाजल्याच्या घटना भूलशास्त्राच्या नियतकालिकांत नोंदविल्या गेल्या आहेत. बेशुद्ध रुग्ण किंवा नवजात बालक वेदना सांगू शकत नसल्याने अशी इजा उशिरा लक्षात येते.

तिसरा परिणाम सर्वांत गंभीर होय. आकडा दिसतो, तो खरा वाटतो, परंतु तो चुकीचा असतो. रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजन प्रत्यक्षात ८४ टक्के असताना मॉनिटर ९० दाखवीत असेल, तर ऑक्सिजन वाढविण्याचा निर्णय लांबणीवर पडू शकतो. उलट, चुकीचा प्रोब खरे प्रमाण कमी करून दाखवीत असेल, तर अनावश्यक उपचार होतात. विद्युत गोंधळामुळे दोन्ही प्रकाशांच्या चढउतारांचे गुणोत्तर १ च्या जवळ गेल्यास आकडा ८५ च्या आसपास स्थिरावतो. अनुभवी भूलतज्ज्ञ त्यामुळेच हलत नसलेल्या ८५ कडे संशयाने पाहतात.

हा प्रश्न काल्पनिक नाही, हे ब्रिटनमधील एका अभ्यासातून दिसून आले. २०१२ मध्ये ‘अ‍ॅनेस्थेशिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २९ रुग्णालयांत प्रत्यक्ष वापरात असलेले ८४७ प्रोब तपासण्यात आले. त्यांपैकी ८९ प्रोबमध्ये, म्हणजे १०.५ टक्क्यांत, मापन बिघडवू शकेल असा विद्युत दोष आढळला. उरलेल्या ७५८ पैकी १६९ प्रोबचा, म्हणजे २२.३ टक्क्यांचा, प्रकाश उत्पादकाने सांगितलेल्या प्रकाशापेक्षा इतका वेगळा होता, की त्यामुळे ७० ते १०० टक्के या पट्ट्यात ४ टक्क्यांहून अधिक चूक संभवत होती. हे सर्व प्रोब तपासणीपूर्वी रुग्णांना लावले जात होते.

आपल्या बोटावरची चाचणी अपुरी

नवा प्रोब आल्यावर तंत्रज्ञ तो स्वतःच्या बोटाला लावून पाहतात. आकडा ९७ किंवा ९८ आला, की प्रोब चांगला असल्याचे मानले जाते. या चाचणीतून प्रोब सुरू आहे एवढेच समजते. तरंगलांबीतील फरकामुळे होणारी चूक ऑक्सिजनचे प्रमाण जास्त असताना फार लहान असते आणि प्रमाण घसरते तशी वाढत जाते. निरोगी माणसाच्या बोटावर योग्य दिसणारा प्रोब, गंभीर रुग्णाच्या बोटावर नेमक्या गरजेच्या वेळी फसवू शकतो.

जैववैद्यकीय अभियंते वापरत असलेल्या कृत्रिम बोटाच्या चाचणीयंत्रालाही मर्यादा आहेत. मॉनिटर चालू आहे, गजर वाजतो, वायर तुटलेली नाही, हे त्यातून तपासता येते. प्रोबची अचूकता मात्र त्यावरून ठरविता येत नाही. ऑक्सिमीटरविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकातही ही बाब स्पष्ट करण्यात आली आहे.

ज्यांच्यासाठी काही टक्के मोलाचे

सर्वसाधारण रुग्णाच्या बाबतीत दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने उपचार बदलतातच असे नाही. अपुऱ्या दिवसांच्या बालकांची गोष्ट निराळी आहे. ऑक्सिजन देण्यात येत असलेल्या अशा बालकांचे प्रमाण साधारणतः ९० ते ९५ टक्के या पट्ट्यात ठेवण्याची शिफारस केली जाते. प्रमाण कमी राहिल्यास जिवाला धोका असतो, तर ऑक्सिजन जास्त झाल्यास डोळ्यांच्या पडद्यातील रक्तवाहिन्यांची विकृती होऊन दृष्टी जाण्याची भीती असते. अवघ्या पाच टक्क्यांच्या या पट्ट्यात चार टक्के चुकणारा प्रोब बालकाला कोणत्याही बाजूस ढकलू शकतो. मोठ्यांचा चिमटा बालकाच्या पायाला लावणे हेही याच कारणाने अयोग्य ठरते. प्रकाश त्वचेतून न जाता बाजूने निसटून ग्राहकापर्यंत पोहोचतो आणि आकडा बिघडतो.

छत्तीसगढ, विदर्भ आणि लगतच्या आदिवासीबहुल भागांत सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये ऑक्सिमीटरचा आकडा आणि रक्ततपासणीचा आकडा यांत फरक पडू शकतो, हे वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. त्वचेच्या गडद रंगामुळे प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखविला जाण्याची शक्यता २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने पुन्हा चर्चेत आणली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्सिमीटरच्या चाचणीसंबंधी नव्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा प्रसिद्ध केला. मापनाच्या या अंगभूत मर्यादांत चुकीच्या प्रोबची भर पडली, तर एकूण चूक कोठवर जाईल हे सांगता येत नाही.

मानके आणि कायदा

पल्स ऑक्सिमीटरसाठी ‘आयएसओ ८०६०१-२-६१’ हे आंतरराष्ट्रीय मानक लागू आहे. त्यानुसार ७० ते १०० टक्के या पट्ट्यात यंत्राची सरासरी चूक, विशिष्ट गणिती पद्धतीने मोजली असता, ४ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. या मोजमापाचा अर्थ सुमारे दोन तृतीयांश नोंदी त्या मर्यादेत असतील एवढाच होतो. उरलेल्या नोंदी त्याबाहेर असू शकतात. कोणता प्रोब कोणत्या मॉनिटरला आणि कोणत्या जोडवायरीसह चालतो, याची माहिती उत्पादकाने देणे आणि वापरापूर्वी ही जुळणी तपासणे या मानकाला अभिप्रेत आहे.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. फेब्रुवारी २०२० मधील अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली. या अधिसूचनेतील व्याख्येत उपकरणासोबत वापरावयाच्या पूरक साधनांचाही समावेश आहे. सुटा विकला जाणारा प्रोबही त्यामुळे केवळ एक वायर ठरत नाही, त्याचे स्थान वैद्यकीय उपकरणाचे आहे. कमी जोखमीच्या वर्गांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून आणि अधिक जोखमीच्या वर्गांसाठी ऑक्टोबर २०२३ पासून परवाना अनिवार्य करण्यात आला.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, जुलै २०२१ मध्ये, राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने पल्स ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याची मर्यादा ७० टक्के ठरवून दिली. हा निर्णय किमतीपुरता होता. प्रोब आणि मॉनिटर यांच्या जुळणीशी त्याचा संबंध नव्हता.

उपकरणामुळे रुग्णाला इजा झाल्यास किंवा उपकरण सदोष आढळल्यास त्याची नोंद करण्यासाठी भारतात जुलै २०१५ पासून ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम सुरू आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याचे काम आहे. डॉक्टर, परिचारिका, अभियंते यांच्याप्रमाणेच सामान्य नागरिकही अशी नोंद करू शकतात.

रुग्णालयांनी घ्यावयाची दक्षता

प्रोबची खरेदी करताना पुढील बाबींची काळजी घेणे हितावह ठरते.

१. प्रत्येक मॉनिटरचे नाव, क्रमांक आणि त्यातील ऑक्सिजनमापन प्रणाली यांची यादी भांडारात असावी. एकाच नावाच्या दोन मॉनिटरमधील प्रणाली वेगळी असल्यास तशी नोंद करावी.

२. मागणीपत्रात ‘पल्स ऑक्सिमीटर प्रोब, मोठ्यांसाठी’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. मापनप्रणाली, प्रोबचा भाग क्रमांक, जोडवायरीचा प्रकार आणि रुग्णाचा वयोगट यांचा उल्लेख करावा.

३. मूळ उत्पादकाऐवजी अन्य कंपनीचा प्रोब घ्यावयाचा असल्यास तो कोणत्या मॉनिटरसह तपासला आहे, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. ‘सर्व मॉनिटरना चालतो’ हा दावा चाचणीच्या पुराव्याविना स्वीकारू नये. अन्य कंपन्यांचे सर्वच प्रोब सदोष असतात असे नाही. रीतसर चाचणी करून, मंजुरी घेऊन विकले जाणारे प्रोब उपलब्ध असून त्यामुळे खर्चात बचतही होते.

४. प्रोबवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि उत्पादनाची तुकडी नोंदलेली आहे का, हे पाहावे.

५. देखभाल करारात प्रोबचा समावेश आहे किंवा नाही, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. अनेकदा प्रोब ‘पूरक साहित्य’ म्हणून करारातून वगळलेले असतात आणि ते बिघडल्यावर घाईघाईने खरेदी केली जाते.

६. मॉनिटर आणि प्रोब यांवर सारख्या रंगाची चिकटपट्टी लावल्यास रात्रपाळीत होणारी अदलाबदल टाळता येते.

सार्वजनिक रुग्णालयांसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाअंतर्गत २०१५ मध्ये जैववैद्यकीय उपकरण व्यवस्थापन व देखभाल कार्यक्रम सुरू करण्यात आला. त्यात जिल्हा रुग्णालयांतील ९५ टक्के उपकरणे कार्यरत ठेवण्याचे उद्दिष्ट आहे. मात्र ‘कार्यरत’ या शब्दाचा अर्थ केवळ पडदा उजळणे एवढाच घेतला गेल्यास, चुकीचा प्रोब लावलेला मॉनिटरही कार्यरत यंत्रांतच मोजला जाईल.

आकडा आणि रुग्ण

जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा सूचीत, भूल देण्यापूर्वी पल्स ऑक्सिमीटर लावलेला आहे व तो चालू आहे याची खातरजमा करण्याचे कलम आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड परिसराशी कौटुंबिक नाते असलेले अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. अतुल गवांदे यांचा ही सूची तयार करण्यात प्रमुख वाटा होता. गरीब देशांतील शस्त्रक्रियागृहांना ऑक्सिमीटर मिळावेत म्हणून २०११ मध्ये ‘लाइफबॉक्स’ ही संस्था स्थापन करण्यात आली, तिच्याशीही ते संबंधित राहिले. यंत्राचा अभाव हा जसा प्रश्न आहे, तसाच असलेल्या यंत्राला योग्य प्रोब मिळणे हाही प्रश्न आहे.

मॉनिटरवरील आकडा आणि रुग्णाची स्थिती यांत विसंगती दिसल्यास डॉक्टर प्रथम रुग्णाकडे पाहतात. ओठांचा रंग, श्वासाची गती, नाडी आणि शुद्ध यांवरून अंदाज घेतला जातो. प्रोबची जागा बदलली जाते, खात्रीचा दुसरा प्रोब लावला जातो आणि आवश्यक वाटल्यास रोहिणीतील रक्ताची तपासणी केली जाते. आकडा चुकीचा असल्याच्या समजुतीने ऑक्सिजन देण्यास विलंब करणे मात्र धोक्याचे असते. रुग्णाला मदत आधी आणि यंत्राची चौकशी नंतर, असाच क्रम पाळला जातो.

नातेवाइकांना बाहेरून प्रोब आणण्यास सांगण्यात आल्यास त्यांनी मॉनिटरच्या दर्शनी भागाचे आणि जुन्या प्रोबवरील क्रमांकाचे छायाचित्र सोबत न्यावे, तसेच आणलेला प्रोब वापरण्यापूर्वी रुग्णालयातील अभियंत्याला किंवा तंत्रज्ञाला दाखवावा. कुकरची रिंग चुकली, तर शिटी होत नाही आणि चूक लगेच कळते. प्रोब चुकला, तर पडद्यावर आकडा येतच राहतो. म्हणूनच ही जुळणी रुग्णाच्या बोटाला प्रोब लावण्यापूर्वी, कागदावर तपासून घेणे आवश्यक आहे.